कोबॉल, सी आणि आमचा टँकर

बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर, चपला काढता काढताच, आमच्या मुलीनं जाहीर केलं की तिला व्हिडिओ गेम बनवायचेत. खेळायचे नव्हे, बनवायचे. हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तिच्या बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "खेळ की, सुट्टीच लागलीय" असं म्हणून विषय मिटवला होता.

मला आश्चर्य वाटलं नाही. शाळेत तिला थोडं बेसिक शिकवलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरची बेसिक नावाची भाषा. तेव्हापासून ही मुलगी कुठलाही खेळ पाहिला की तो जिंकायचा कसा हे न बघता तो आतून चालतो कसा हे बघत बसायची. मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. बाकीची पोरं रिमोटसाठी मारामारी करायची आणि ही बाजूला बसून विचारायची, "पण त्या कासवाला कळतं कसं की भिंत आली?" पोरं तिला वेडी म्हणायची. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की प्रश्न चांगला आहे.

आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आलो ते मोठी जागा आणि घरातच संडास मिळेल म्हणून. दोन्ही मिळालं. पाणी मिळेल का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं, तेही मनात आलं तर. बाकी सगळी भिस्त टँकरवर. आमचं घर चौथ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. त्या जागेत वॉचमन आपली सायकल ठेवायचा. सकाळी काशीमीऱ्याच्या बाजूनं टँकर आला आणि त्यानं हॉर्न दिला की प्रत्येक दारातून बादल्या आणि हंडे बाहेर पडायचे. हे तोपर्यंत ऑफिसला गेलेले असायचे. मी भाईंदरच्या शाळेत दुपारच्या सत्रात शिकवायचे, त्यामुळे टँकर माझ्या वाट्याला.

तर, गेम. यांनी दोन दिवस विचार केला. आमचे हे हिशेबखात्यातले, त्यामुळे विचारही जमेची आणि खर्चाची बाजू करूनच करतात. मग निकाल दिला. एका कोर्सची फी भरू. एकाच. कुठली भाषा शिकायची ते नीट ठरवा. तो कोर्स फुकट गेला तर पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. बी.एस्सी. करायचं, बी.एड. करायचं आणि आईसारखं शाळेत लागायचं. 'आईसारखं' हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, त्याची परतफेड मी त्या दिवशी आमटीत मीठ विसरून केली.

नीट ठरवा म्हणाले खरे, पण स्वतः ठरवूनच बसले होते. ऑफिसात चार जणांना विचारून आले होते आणि चौघांनी एकच उत्तर दिलं होतं, कोबॉल. सन दोन हजार जवळ येत होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले असल्यामुळे जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार, आणि ते दुरुस्त करायला कोबॉल येणारी माणसं लागणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. आमच्याच इमारतीतला एक मुलगा कोबॉलवर अमेरिकेला गेला होता. त्याची आई जिन्यात भेटली की पाण्याबद्दल तक्रार करायची सोडून तिथल्या थंडीबद्दल तक्रार करायची.

मुलगी म्हणाली, ठीक आहे, पण मी आधी बघून येते. त्या वेळी मीरा रोड-भाईंदरला कॉम्प्युटर क्लासचं पीक आलं होतं आणि प्रत्येक जण एक डेमो लेक्चर फुकट द्यायचा. तिनं ठरवलं की सगळीकडे जायचं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा. सोबत मी. आमच्या काळी मुलगी बघायला माणसं यायची, पोहे खायची आणि कळवतो म्हणून जायची. इथे आमची मुलगी भाषा बघायला निघाली होती, आणि पोहे कोणी देत नव्हतं.

पहिला क्लास स्टेशनजवळचा. काचेचं दार, आत एसी, बाहेर चपलांचा ढीग. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून अनवाणी आत जायचं, देवळात जातात तसं. टाय लावलेल्या सरांनी कोबॉलची इतकी स्तुती केली की मला वाटलं हे आता आरतीच म्हणतात. शेवटी मुलीनं हात वर करून विचारलं, "ह्याच्यात गेम बनवता येतो का?" सर हसले आणि हिंदीत म्हणाले की गेम हा टाइमपास आहे, आपण इथे करिअर करायला आलोय. मागच्या बाकांवरची मुलंही हसली. ती खाली बसली, पण मान खाली घातली नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि त्या टायचा फार राग आला.

दुसरा भाईंदर पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावर. एक वयस्कर सर पास्कल शिकवायचे. त्यांनी तोच प्रश्न शांतपणे ऐकला. म्हणाले, पास्कलनं विचार करायची शिस्त लागते, पण त्यावर नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही आणि गेमचं मला काही कळत नाही. माणूस प्रामाणिक होता. मला तर तिथेच नाव घालावंसं वाटलं. मुलगी म्हणाली, "आई, सर चांगले आहेत, पण आपण सर शिकायला नाही आलोय."

तिसरा क्लास नया नगरमध्ये होता आणि त्याला पाटीसुद्धा नव्हती. एका मॅडमनं स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन ठेवली होती. तरुण होत्या, डोक्यावर ओढणी, बोलणं मऊ. मशीनवर स्वतः भरतकाम केलेली कव्हरं. त्यांनी डेमो वगैरे काही दिला नाही. मुलीनं आपला ठरलेला प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, "मैंने कभी गेम नहीं बनाया. तुमने कुछ बनाया है?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. मीही नाही. तिनं पर्समधून कंपासपेटी काढली आणि कंपासपेटीतून एक फ्लॉपी. शाळेत असताना, सगळे गेल्यावर, लॅबच्या बाईंच्या परवानगीनं तिनं बेसिकमध्ये एक गेम लिहिला होता. घरात कोणाला पत्ता नव्हता.

काळ्या पडद्यावर सगळं अक्षरांनी आणि रेघांनी काढलेलं. खाली एक डबा, तो टँकर. शेजारी एक उभी इमारत, आत नागमोडी जिना. टँकरपाशी एक लहानशी आकृती. ओ हे डोकं, त्याखाली उभी रेघ, आणि हातात इंग्रजी यू, ती बादली. बटणं दाबून तिला जिन्यानं वर न्यायचं, पाणी ओतायचं, परत खाली आणायचं, टँकर रिकामा व्हायच्या आत.

"ही कोण?" मी विचारलं.

"तू," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

आयुष्यात माझं कोणी कधी चित्र काढलं नव्हतं. ते पहिलंच, आणि त्यात मी एक ओ आणि एक रेघ. मला इतका आनंद झाला की मॅडमकडे बघून उगीचच हसत राहिले.

मॅडमनी गेम पुन्हा पुन्हा खेळून पाहिला. मग भाषांबद्दल बोलल्या, आणि मला पहिल्यांदा काहीतरी समजलं. कोबॉल हिशेबाच्या कामासाठी बनलीय, पगार, बँका, बिलं. बेसिक सोपी आहे, पण संथ, आणि मशीनच्या फार आत शिरू देत नाही. सी मशीनच्या जवळची. चांगलं लिहिलं तर भराभर चालते, वाईट लिहिलं तर मशीनच अडकवून ठेवते आणि आधी इशाराही देत नाही. बाहेर गेम बनवणारे बहुतेक सीमध्ये लिहितात असं त्यांनी वाचलं होतं. पण त्यांची एक पद्धत होती. नवीन भाषेत कोणालाही लगेच नवीन काही लिहू द्यायच्या नाहीत. आधी जे बनवलंय तेच नव्या भाषेत पुन्हा लिहायला लावायच्या. म्हणायच्या, नवीन भाषेत नवीन गोष्ट लिहायला गेलं की कळतच नाही अडचण भाषेची आहे की गोष्टीची. मी वीस वर्षं मुलांना भाषा शिकवत होते. ही युक्ती मी दुसऱ्या दिवशीच माझ्या वर्गात वापरली.

घरी आल्यावर मुलीनं सी म्हटलं, ह्यांनी कोबॉल म्हटलं, आणि जेवण थंड झालं. कोबॉलची नवी बॅच त्या सोमवारी सुरू होत होती. शेवटी मी म्हटलं, एकदा तिचा गेम तरी बघा. हे रविवारी यायला तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, म्हणजे गंभीरपणे घेतलं होतं.

आम्ही गेलो तर मॅडमकडे नवीन मशीन आलेलं. मुलीला वाटलं, बाबांना नव्यावरच दाखवू. फ्लॉपी घातली. टँकर आला, पाणी संपलं, टँकर गेला. आकृतीनं बादली उचललीसुद्धा नव्हती. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. डोळ्याची पापणी लवायच्या आत खेळ खलास.

"झालं?" हे म्हणाले. मग थोडं थांबून, "अगदी खरा वाटला. आपल्याकडे टँकर असाच येतो."

मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती रडली नाही, काही सबबही सांगितली नाही. प्रोग्रॅम उघडला, वरून खाली वाचत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे चुकले. मी वेळ जायला हवा म्हणून मशीनला नुसते आकडे मोजायला लावत होते. जुनं मशीन हळू मोजायचं. हे भराभर मोजतंय."

बाकी कशातलं मला काही कळत नव्हतं, पण हे कळलं. गिरगावात स्टोव्ह होता तेव्हा मी डाळ तीन शिट्ट्यांवर शिजवायचे. इथे गॅस आला, आच मोठी, तीन शिट्ट्या चुटकीसरशी झाल्या आणि डाळ कच्ची राहिली. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर फजिती. तेव्हापासून मी शिट्ट्या मोजत नाही, घड्याळ बघते. मी हे बोलून दाखवलं तर मॅडम खळखळून हसल्या आणि मुलगी खुर्चीतून उठून म्हणाली, "आई, अगदी हेच. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळाला विचारायचं."

ह्यांना डाळीत रस नव्हता. कोबॉलमध्ये असल्या शिट्ट्या नसतात, असं त्यांनी ऐकवलं. तरी माणूस न्यायाचा. मुलीनं विचारलं, पुढची बॅच सुरू होईपर्यंत थांबाल का? तेवढ्यात हाच गेम सीमध्ये लिहून दाखवते, नाही जमला तर मुकाट्यानं कोबॉल घेईन. ते म्हणाले, थांबतो. पण मग शब्द फिरवायचा नाही.

त्यानंतर ती रोज नया नगरला जायला लागली. फीचं नंतर बघू, म्हणाल्या मॅडम. मी शाळेतून येताना तिला घ्यायला जायचे तर दोघी एकाच पडद्यात डोकं घालून बसलेल्या असायच्या. सीनं तिला चांगलंच रडवलं, म्हणजे रडली नाही ती, पण दुसरी कोणीही रडली असती. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की मशीन जागच्या जागी ठप्प. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, चूक शोधायची. मॅडमना उत्तर दिसलेलं असायचं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मलासुद्धा कळायचं, पण त्या सांगायच्या नाहीत. आत जाऊन चहा टाकायच्या. आणि चहा येईपर्यंत हिला चूक सापडलेली असायची. दोघींपैकी जास्त कौतुक कोणाचं करावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

एक दिवस सकाळी ती ह्यांचं जुनं घड्याळ घेऊन जिन्यात बसली. टँकर आला होता. म्हणाली, आई, तू भरलेली बादली घेऊन किती वेळात चढतेस ते बघायचंय, रोज चढतेस तशी चढ. आता कोणी घड्याळ घेऊन बघत असलं की माणूस रोजच्यासारखा चढतो का? मी तरातरा चढले, पाणी साडीवर. ती वैतागली, मी त्याहून वैतागले. म्हटलं, तुझा गेम तुझ्यापाशी, मला अजून पिंप भरायचंय. त्यानंतर तिनं काही सांगितलं नाही. टँकरच्या वेळी जिन्यात पुस्तक घेऊन बसायची एवढंच. मी म्हटलं, बसू दे, घरात उकडतंय.

महिना संपत आला. कोबॉलच्या पुढच्या बॅचच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा नया नगरला. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. मॅडमनी खुर्ची ओढून ह्यांना मशीनसमोर बसवलं. "अंकल, आज आप खेलिए."

तीच इमारत, तोच जिना, तीच ओ आणि रेघ. पण आता टँकर सावकाश येत होता, पाणी बेतानं कमी होत होतं. ह्यांनी बटण दाबलं. आकृतीनं बादली उचलली आणि ती चढायला लागली. हे घाईचे. बटण दाबतच राहिले. तिसऱ्या मजल्यापुढे बादली हिंदकळली आणि निम्मं पाणी जिन्यात सांडलं. "अरेच्चा," म्हणून त्यांनी पुन्हा सुरू केलं. आणखी जोरात दाबलं. पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदाही तेच. त्यांना हरणं आवडत नाही, कान लाल झाले.

"बटण बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

मुलगी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. "नाही, बाबा. तिला वळणावर थांबू द्या."

ह्यांनी हात उचलला. आकृती दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर थांबली. बादली खाली ठेवली. मग ती दुसऱ्या हातानं उचलली. आणि आपसूक वर चढायला लागली. चौथा मजला आला. एक थेंब सांडला नाही.

 हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तिथे थांबतेस?"

"रोज," मी म्हटलं. "हात भरून येतो."

मी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण टँकर यायच्या आधीच ते बाहेर पडलेले असायचे. पाहिलं होतं ते फक्त तिनं, पुस्तक उघडं ठेवून.

त्यांनी मॅडमना विचारलं की हे कोबॉलमध्ये झालं नसतं का. मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. कदाचित खूप खटपट करून झालंही असतं, म्हणाल्या, पण कोबॉलचं ते काम नाही. मग ह्यांनी मुलीला विचारलं, तुला सीच का? ती म्हणाली, "सी माझ्या चुकांवर पांघरूण घालत नाही, बाबा. चुकलं की सगळं बंद पडतं. मग मला नीट बघावंच लागतं."

हे "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे लहानपणापासून तिला ठाऊक होतं. तिनं फ्लॉपी कंपासपेटीत ठेवली, मॅडमच्या मशीनवर भरतकामाचं कव्हर घातलं, त्याच्या कडा सरळ केल्या. रस्ताभर मी मनात भांडणाची जुळवाजुळव करत होते. एकेक वाक्य तयार होतं, आणि वाक्यं मला चांगली सुचतात.

इमारतीत शिरल्यावर मुलगी पुढे चढून गेली, किल्ली तिच्याकडे होती. आम्ही दोघं मागून. माझ्या हातात काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर मी सवयीनं थांबले.

हेही थांबले. कठड्याला हात टेकून, खाली बघत, टँकर जिथे उभा राहतो तिकडे. माझी सगळी वाक्यं तयार होती, पण त्यातलं एकही मला वापरावं लागलं नाही.

"तिला सी घेऊ दे," ते म्हणाले. "आणि तू दम खा. घाई नाही."